८७ दिवस, १२२ दिवस आणि पहाटेचा बर्फ

जपानमधल्या नागोया शहरात येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली. त्यातली पहिली सहा वर्षं मी ओसू भागातल्या आइस स्केटिंगच्या रिंकसमोरून नुसती ये-जा केली. ओसूला देऊळ आहे, देवळाजवळ छपराखालचा लांबलचक बाजार आहे, तिथे जुन्या कपड्यांपासून कॉम्प्युटरच्या सुट्या भागांपर्यंत काहीही मिळतं, आणि त्या गजबजाटात ही दिसायला अगदी साधी, जुनी इमारत. आत १९५३ पासून बर्फ आहे. मला वाटायचं, असेल एखादं गोदाम. मग लेक पाच वर्षांची झाली, तिच्या मैत्रिणीचा वाढदिवस तिथे ठरला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बर्फावर उभी राहिले. उभी म्हणजे साधारण चार सेकंद. पुढचे तीन आठवडे मी ऑफिसात उशी घेऊन बसत होते.

लेक माझ्यापेक्षा जास्त वेळा पडली असेल. पण दर वेळी उठताना तिचं एकच पालुपद, ‘आई, परत.’

त्या ‘परत’च्या पायी तीन वर्षं गेली. आता ती आठ वर्षांची आहे. इथे बॅज टेस्ट असतात, आधी प्राथमिक, मग पहिली ते आठवी पातळी. सीनियर गटात मोठ्या स्पर्धा खेळायच्या तर सातवी हवी. लेकीने पहिली पार केली आहे. म्हणजे तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आणि ते सांगायला मी बसलेही नाही. पण मूल रिंकवर जायला लागलं की आई निकाल वाचायला लागते, मग गुणपत्रकं वाचायला लागते, आणि एक दिवस ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत जपानी स्केटिंगच्या भवितव्यावर भांडताना सापडते.

भांडण असतं ते आमच्या विभागातल्या एका काकांशी. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. ओसूच्या आसपासच वाढलेले. मिदोरी इतोला त्यांनी तिच्या शाळकरी वयात इथे सराव करताना पाहिलंय, म्हणजे ते तसं सांगतात आणि मी मान्य करते. इतो म्हणजे स्पर्धेत ट्रिपल ॲक्सेल ही साडेतीन गिरक्यांची उडी मारणारी जगातली पहिली बाई. १९८९ मध्ये विश्वविजेती झाली, १९९२ ला आल्बेरव्हिल ऑलिंपिकला रौप्य. तिच्या गुरू माचिको यामादा यांनीच पुढे माओ आसादाला घडवलं. आणि त्याच रिंकवर एक पाच वर्षांचा पोरगा नुसताच फिरत होता, त्याला माओने ‘तू फिगर स्केटिंग करतोस का?’ म्हणून हटकलं. तो शोमा उनो. दोन वेळा विश्वविजेता झाला. एका बाजाराच्या टोकाला एवढं सगळं. काकांच्या बोलण्यात गावचा अभिमान येतो तो उगाच नाही.

तर काकांचं म्हणणं असं: ‘साकामोतो गेली की अंधार.’

काओरी साकामोतोने २०२५-२६ चा मोसम संपला की थांबणार असं जाहीरच केलं होतं. तेव्हा पंचवीस वर्षांची, कोबेची मुलगी. क्वाड, म्हणजे चार गिरक्यांची उडी, नाही, ट्रिपल ॲक्सेल नाही. पण वेग असा की टीव्हीवर कळतच नाही, प्रत्यक्ष पाहावा लागतो. तिचा डबल ॲक्सेल अख्खा पट्टा कापत जातो आणि उतरल्यावर वेग कमी व्हायच्या ऐवजी वाढल्यासारखा वाटतो. २०२२, २०२३, २०२४, सलग तीन विश्वविजेतेपदं. महिलांमध्ये हे १९६८ ला पेगी फ्लेमिंगने पूर्ण केलं होतं, त्यानंतर कुणालाच जमलं नव्हतं. आता त्या तीन वर्षांत रशियन मुली बंदीमुळे नव्हत्या हे खरं आहे, ते सांगितलं नाही तर लबाडी होईल. २०२५-२६ च्या मोसमात त्यांच्यातल्या मोजक्यांना तटस्थ म्हणून सोडलं, आणि आदेलिया पेत्रोस्यानने सप्टेंबर २०२५ मध्ये बीजिंगची पात्रता स्पर्धा जिंकूनही दाखवली. पण जो मैदानात आहे त्यालाच हरवता येतं. साकामोतोने हरवलं.

काकांच्या अंधाराला माझं उत्तर तयार असतं. २०२४ मध्ये ग्रेनोबलला ग्रां प्री फायनल झाली. जगातल्या पहिल्या सहा मुली तिथे येतात. त्या सहापैकी पाच जपानच्या होत्या. पाच! ही काही एका माणसावर उभी असलेली इमारत नाही.

आणि २०२५ ला फायनल आमच्याच दारात आली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, किल्ल्याजवळच्या आयजी अरेनात. नवं कोरं, जुलैत उघडलेलं. तेव्हा तिथे सुमो चालू होतं, आता बर्फ. तिकिटं इथे सोडतीने मिळतात, चार वेळा अर्ज केल्यावर आम्हाला दोन मिळाली, तीही पार वरच्या रांगेत, जिथून स्केटर साधारण लवंगेएवढा दिसतो. लेकीने दुर्बीण नेली होती. ती तिने मला एकदाच दिली, सहा मिनिटांच्या वॉर्म-अपमध्ये, आणि तीही ‘आई, अमी बघ’ म्हणून.

अमी नाकाई. तेव्हा सतरा वर्षांची, लहानखुरी. मी दुर्बीण लावली तेव्हा ती कडेकडेने मागे जात होती, मग अचानक वळून पुढे तोंड केलं. सगळ्या उड्यांत फक्त ॲक्सेल पुढे तोंड करून मारतात, म्हणून त्यात अर्धी गिरकी जास्त. ट्रिपल म्हणजे साडेतीन. टीव्हीवर गिरक्या दिसतात, इथून मला दिसला तो त्याआधीचा क्षण: डाव्या पायावर सगळा भार, गुडघा इतका वाकलेला की आता बसतेय की काय, आणि उजवा पाय मागून दाराच्या झडपेसारखा पुढे आला. मग वरच्या रांगेतही टोकदार आवाज पोहोचला. उतरली. लेकीने दुर्बीण परत घेतली.

त्या स्पर्धेत अमेरिकेची अलिसा लिऊ पहिली, नाकाई दुसरी, साकामोतो तिसरी. फ्रान्सच्या ग्रां प्रीला तर नाकाईने साकामोतोला मागे टाकून सुवर्ण नेलं होतं, सीनियरमधलं पहिलंच वर्ष असताना. सोमवारी मी काकांच्या टेबलाशी जाऊन काही न बोलता उभी राहिले. ते म्हणाले, ‘कळलं, कळलं.’

पण मला त्या दिवशी नाकाईपेक्षा दुसऱ्याच मुलीचं जास्त वाटत होतं. माओ शिमादा. आसादावरून नाव ठेवलेली. ज्युनियर विश्वविजेती, एकदा नाही, २०२३ ते २०२५ सलग तीनदा. तिच्याकडे ट्रिपल ॲक्सेल आहे, क्वाड टो-लूप आहे. ज्युनियर असून मोठ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत २०२२ ते २०२४ सलग तीन वर्षं पदक. आणि ती २०२६ च्या मिलान ऑलिंपिकला जाऊ शकली नाही. कारण ३० ऑक्टोबर २००८ ला जन्मली.

हे जरा नीट सांगते, कारण या खेळात उडीपेक्षा पंचांग जास्त गिरक्या घेतं. २०२२ मध्ये बीजिंग ऑलिंपिकमधल्या पंधरा वर्षांच्या रशियन मुलीच्या उत्तेजक प्रकरणानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने सीनियरचं किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ केलं. मोजायची तारीख १ जुलै. म्हणजे मिलानला जायचं तर ३० जून २००८ पर्यंत जन्म हवा होता. नाकाईचा जन्म २७ एप्रिलचा, दोन महिने राखून आत. शिमादा १२२ दिवसांनी बाहेर.

आणि हे जपानमध्ये पहिल्यांदा घडलं नाही, म्हणून तर टोचतं. ज्या माओवरून तिचं नाव ठेवलं, तिचं २००५ मध्ये हेच झालं होतं. आसादाने टोकियोत ग्रां प्री फायनल जिंकली, तेव्हाच्या विश्वविजेत्या इरिना स्लुत्स्कायाला मागे टाकून, वय १५. दोन महिन्यांनी तुरिनला ऑलिंपिक. ८७ दिवस कमी पडले, नाही गेली. तिथे सुवर्ण घेतलं शिझुका अराकावाने, त्या ऑलिंपिकमधलं जपानचं एकमेव पदक. आसादाला पुढे व्हँकुव्हरला रौप्य मिळालं आणि सोचीला शॉर्टमध्ये, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीत, सोळावी येऊन फ्रीमध्ये, म्हणजे दुसऱ्या मोठ्या फेरीत, तिने सगळ्यांना रडवलं, काकांसकट. सुवर्ण मात्र राहिलंच.

वयाची अट मला चुकीची वाटत नाही. आठ वर्षांच्या मुलीची आई म्हणून तर मुळीच नाही. कोवळ्या हाडांवर क्वाड मारायला लावण्यापेक्षा दोन वर्षं थांबलेलं बरं. पण थांबलेल्या मुलींच्या उड्या टिकतात का, हा खरा प्रश्न आहे. अंग वाढतं, वजनाचा तोल बदलतो, काल सहज येणारी उडी आज हवेतच उघडते. २०३० च्या ऑलिंपिकला शिमादा एकवीस वर्षांची असेल. साकामोतोने पंचवीसपर्यंत वेग टिकवला, तोच रस्ता या मुलींना जास्त उपयोगी पडेल असं माझं मत. उडी उसनी असते, कड स्वतःची. (कड म्हणजे ब्लेडची धार. आमच्या सेन्सेई, म्हणजे शिक्षिका, दिवसातून वीस वेळा हा शब्द म्हणतात.)

त्याच डिसेंबरात टोकियोत योयोगीला राष्ट्रीय स्पर्धा होती. मिलानला मुलींच्या तीनच जागा होत्या. जी जिंकेल तिची जागा पक्की, उरलेल्या दोन मोसमभरचे निकाल बघून जपानची स्केटिंग संघटना ठरवणार होती. साकामोतो, नाकाई, मोने चिबा (ती २०२५ च्या जागतिक स्पर्धेत तिसरी आली होती, हे विसरू नका), शिवाय रिंका वातानाबे, हिगुची. दुसऱ्या कुठल्याही देशात यातली चौथी-पाचवी मुलगी निवांत झोपली असती. इथे ती घरी बसून ऑलिंपिक बघते. म्हणून इथली राष्ट्रीय स्पर्धा मी एकटीने बघते, घरच्यांना बोलू देत नाही.

मुलांचं थोडक्यात. युझुरू हान्यू २०२२ ला आणि उनो २०२४ ला स्पर्धांतून गेले, तेव्हाही काकांनी अंधार जाहीर केला होता. युमा कागियामा आहे. वडील मासाकाझू स्वतः १९९२ आणि १९९४ ची ऑलिंपिक खेळलेले, तेच गुरू. पोराची उडी उतरते तेव्हा गुडघा असा मऊ वाकतो की आवाजच येत नाही. लेक म्हणते मांजर. शुन सातोकडे क्वाड लुट्झ आहे. नागोयाच्या फायनलला हे दोघं दुसरे आणि तिसरे. पहिला अमेरिकेचा इलिया मालिनिन, त्याने फ्रीमध्ये सात क्वाड मारले. सात. त्याने हे केलं तर बाकीच्यांनी रौप्याची तयारी करायची, आणि त्याचा पाय घसरला तर मांजराला संधी. ज्युनियरमध्ये रिओ नाकाता २०२५ चा विश्वविजेता. एकेरीत मुलांचीही रांग संपत नाही.

मग काळजी कसली?

काळजी जोडीची. इथे काका आणि मी एकाच बाजूला असतो, त्यामुळे जेवण लवकर संपतं.

ऑलिंपिकची सांघिक स्पर्धा असते: मुलगा, मुलगी, पेअर (उचलणं-फेकणं असलेली मुलगा-मुलीची जोडी), आइस डान्स (जोडीचाच, पण फेकाफेकी नसलेला नाच), सगळ्यांचे गुण एकत्र. बीजिंगला जपान तिसरा होता, नंतर रशियाच्या कामिला वालियेवाला बाद केल्यावर दुसरा झाला, आणि ती रौप्यपदकं खेळाडूंच्या गळ्यात पडली २०२४ च्या ऑगस्टमध्ये, पॅरिसला, आयफेलच्या सावलीत. अडीच वर्षांनी. पण ते पदक शक्य झालं ते रिकू मिउरा आणि र्युइची किहारा या एका पेअरमुळे.

किहारा आमच्याच आइची प्रांतातला. आधी एकेरी स्केटर. मग पेअरकडे वळला, दोन वेगवेगळ्या जोडीदारणींबरोबर दोन ऑलिंपिक खेळला आणि पदकाच्या जवळपासही गेला नाही. २०१९ मध्ये तो जवळजवळ सोडून बसला होता, एका रिंकवर अर्धवेळ काम करत होता. तेव्हा त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान मिउराबरोबर चाचणी झाली. त्या एका चाचणीवर दोघं कॅनडाला गेले, ब्रुनो मार्कोतकडे. २०२३ ला सैतामात विश्वविजेते, पेअरमध्ये जपानचे पहिले. २०२५ ला बॉस्टनमध्ये परत. त्याच वर्षी नागोयाच्या फायनललाही पहिले. त्यांच्या नावांचा जोड करून इथे सगळे ‘रिकुर्यू’ म्हणतात, एकाच माणसाचं नाव असावं तसं.

मी विचारते, दुसरं रिकुर्यू कुठे आहे? नागाओका आणि मोरिगुची ही जोडी झटून वर येतेय, तिलाही मिलानचं दार उघडलं. त्यानंतर कोण? पेअर करायची तर मुलीला डोक्यावर उचलायचं, फेकायचं. त्याला मोकळा बर्फ लागतो. एकाच वेळी वीस पोरं गिरक्या घेत असलेल्या रिंकवर कुणी कुणाला डोक्यावर उचलू शकत नाही, उचलू देतही नाहीत. म्हणून पेअर करायची की परदेशी जायचं. आणि मुलगा हवा. लेकीच्या वर्गात आठ मुलं आहेत, त्यातल्या सात मुली.

आइस डान्सची गोष्ट तर आणखी अवघड. दाइसुके ताकाहाशी, व्हँकुव्हरचा कांस्यविजेता, एकेरी सोडून काना मुरामोतोबरोबर डान्सला आला, २०२३ च्या जागतिक स्पर्धेत अकरावा, आणि लगेच दोघं थांबले. परदेशी जोडीदार घ्यावा तर ऑलिंपिकला दोघांचं नागरिकत्व एकच लागतं, आणि जपान दुहेरी नागरिकत्व देत नाही. रीड भावंडांचं घर आठवतं मला: अमेरिकेत वाढलेली तिघं, कॅथी आणि ख्रिस जपानकडून खेळले, धाकटी ॲलिसन आधी जॉर्जियाकडून, मग इस्रायलकडून आणि मग लिथुआनियाकडून. एका जेवणाच्या टेबलाला चार झेंडे. इथल्या पासपोर्टवर डान्स करायचा तर जोडीदारही इथेच तयार व्हायला हवा.

आणि म्हणून सगळं शेवटी बर्फाच्या वेळेवर येतं.

१९९२ पासून नागानो प्रांतातल्या डोंगरात, नोबेयामाला, संघटना लहान मुलांचं शिबिर घेते. धावणं, उड्या, नाच, सगळं बघतात. अराकावा त्यातलीच. पोरं हेरायची यंत्रणा इथे उत्तम आहे. पण हेरलेल्या पोराने घरी परतून स्केट कुठे करायचं? हान्यू आणि अराकावा ज्या सेंदाईच्या रिंकवर वाढले ती २००४ मध्ये पैशाअभावी बंद पडली. २००७ ला पुन्हा उघडली, तीही अराकावाचं सुवर्ण आल्यावर आणि तिने शब्द टाकल्यावर. सुवर्णपदक विजेतीला स्वतःच्या रिंकसाठी रदबदली करावी लागते. चार वर्षांनी भूकंपात ती परत बंद पडली तेव्हा हान्यू बर्फावरच होता. साकामोतोच्या कोबेला वर्षानुवर्षं जी रिंक होती ती उन्हाळ्यात पोहण्याचा तलाव व्हायची. बारमाही रिंक तिथे २०२५ च्या जूनमध्ये झाली, म्हणजे तिच्या शेवटच्या मोसमाच्या तोंडावर! आसादाने तर २०२४ मध्ये टोकियोजवळ ताचिकावाला स्वतःच्या नावाची रिंक उघडली. पदकांच्या पैशातून, जाहिरातींच्या पैशातून बर्फ होतोय, ही गोष्ट चांगली आहे. पण बर्फाला वीज लागते आणि विजेचं बिल पदक बघत नाही.

सर्वसाधारण वेळ संपली की रिंक तासावर भाड्याने मिळते, तिला काशिकिरी म्हणतात. ती मिळते रात्री दहानंतर किंवा शाळेआधी. आमचा वार बुधवार. पहाटे पावणेसहाला बर्फावर, म्हणजे पाचला उठणं. मी बाकावर जाकीट घालून बसते, हातात थर्मास. आठ घरांनी वर्गणी काढून तो एक तास घेतलेला असतो, त्यामुळे प्रत्येक आई घड्याळ बघत असते. मीही बघते.

परवाच्या बुधवारी सेन्सेई कोपऱ्यात एका मुलीची कड दुरुस्त करत होत्या. वर्गातला तो एकुलता एक मुलगा माझ्या लेकीशी काहीतरी बोलला. मग दोघांनी हात धरले. उजवीकडे वळण, एकाचा पाय दुसऱ्याच्या पायावरून, डावीकडे वळण, दोघं एकत्र. तिसऱ्या फेरीला वेग धरला. नेहमीच्या गर्दीच्या वेळी शिट्टी वाजली असती, हात सोडा म्हणून. आता कुणी वाजवली नाही. सेन्सेईंनी मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली. लेक हसत होती, मुलगा ओठ घट्ट मिटून पावलं मोजत होता, इचि, नि, सान.

सहा पंचेचाळीसला बर्फ सपाट करणाऱ्या गाडीवाल्याने फाटक उघडलं. तो काही बोलला नाही, नुसता इंजिन चालू करून थांबला. दोघं हात सोडून बाहेर आले. लेक बूट काढत असताना मी विचारलं, काय करत होतात? ती म्हणाली, ‘काही नाही. बर्फ मोकळा होता ना.’